फोडून बघणारे गेनूशेठ

गेनूशेठ माझ्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा आले ते खोकल्याचं औषध घ्यायला. पैसे दिले, बाटली हलवली, तिथल्या तिथे झाकण उघडून हुंगली आणि करंगळीवर थेंब घेऊन चाटला. मग म्हणाले, "मागच्या खेपेला दुसरीकडनं नेली ती याच्यापेक्षा कडू होती. हिच्यात पाणी हाये." मी म्हटलं, "शेठ, ती वेगळ्या कंपनीची असेल." "असंल. पण पाणी हाये." आणि तीच बाटली खिशात घालून निघून गेले.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांचा गाळा होता. जुन्नरकडचा माणूस, सगळी हयात कांद्यात गेलेली. गोणी आली की ती उलटी करायची, तळातला कांदा काढून चिरायचा आणि मगच भावाचं बोलायचं, ही त्यांची रीत. "वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो, ताई. माल तळाला कळतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की भाजी घेताना आजही माझा हात टोपलीच्या तळाशी जातो. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सख्खा जावई, कुणीच त्यांच्या संशयातून सुटलं नव्हतं. थोडा विश्वास ठेवत जा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "विश्वास पानिपतात गेला."

एका माणसावर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही, ती म्हणजे त्यांची बायको, ताराकाकू. शेठ जगाचा माल चिरायचे तो काकूंच्या ताटात वाईट काही जाऊ नये म्हणून. पेरूसुद्धा आधी स्वतः फोड खाऊन मग तिला द्यायचे. आणि काकू तो उष्टा पेरूही हसत खायच्या.

या काकूंचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी निफेडिपिन लिहून दिली. झालं, माझी परीक्षा सुरू झाली. "ही गोळी करती काय?" शेठनी काउंटरवर कोपर टेकून विचारलं. मी सांगितलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते आवळले की वाट अरुंद होते, रक्ताचा दाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आवळायला त्या स्नायूंना कॅल्शियम लागतं. ही गोळी कॅल्शियमला आत शिरू देत नाही. स्नायू सैल पडतात, वाट रुंद होते, दाब उतरतो.

"सैल पडलेलं परत आवळायचं कुणी?"

"गोळीचा असर संपला की आपोआप आवळतं. म्हणून तर रोज घ्यायची."

"म्हंजी गिऱ्हाईक कायमचं बांधलं."

मी कपाळाला हात लावला. पाय थोडे सुजले तर डॉक्टरांना कळवा म्हटलं, तर म्हणे, "सांगून सवरून सुजवताय?" शेवटी बजावलं, चावायची नाही, अख्खी गिळायची. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर.

दोन-चार दिवसांत ते गोळ्यांची पट्टी घेऊन हजर. "माल खोटा हाये, ताई. गोळी घेतली का तिचं तोंड लाललाल व्हतं, छाती धडधडती. आज वट्याजवळ चक्कर येऊन पडली." मी हादरले. विचारलं, "चावली का काकूंनी?" "न्हाई. पाण्यासंगं घेतली." डॉक्टरांकडे न्या म्हटलं, तर म्हणे डॉक्टरही त्याच दुकानातला. मी बॅच नंबर तपासला, डिस्ट्रिब्युटरला फोन लावला. तो म्हणाला, एकही तक्रार नाही. आता संशयाची बाधा मलाच झाली. हा डिस्ट्रिब्युटर खोटं तर बोलत नाही? इकडे शेठनी मार्केटभर पसरवून टाकलं की या बाईकडे डुप्लिकेट औषधं मिळतात. माझी रोजची गिऱ्हाइकं पट्ट्या उलट्या करून बघायला लागली. राग आला, खूप आला. पण रात्रंदिवस मनात हेच, की माल खरंच खराब असला आणि ती बाई गेली तर?

मग शेठनी दुसऱ्या दुकानातून पट्टी नेली. काकू पुन्हा पडल्या, कपाळाला खोक पडली. त्या दिवशी शेठ आले ते आवाज खाली घेऊन. "गोळी दिली का पडती, न्हाई दिली का दाब चढतो. ताई, माझी तारा जाणार का?" या माणसाचे डोळे भरलेले मी कधी बघितले नव्हते. राग तिथेच विरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीपीचं मशीन घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू टेबलाशी बसल्या होत्या. शेठनी पट्टीतून गोळी काढली, अडकित्त्यात धरली आणि कट्‌कन फोडली. वरून गुलाबी, आतून पिवळी. तुकडे चमच्याखाली चुरले, हुंगले आणि ती भुकटी पाण्यात ढवळायला घेतली. मी त्यांचा हात धरला. "शेठ, हे काय?"

"बघतोय. अख्खी गिळा म्हणालात तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. वर एक रंग, आत दुसरा. एक चांगली निघाली म्हणून गोणी चांगली नसती, म्हणून रोज फोडतो."

मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, ही गोळी तासन्‌तास हळूहळू विरघळावी अशी बनवलेली आहे. तुम्ही ती भुकटी करून देता, मग सगळं औषध एकदम रक्तात जातं. सगळ्या वाहिन्या एकाच वेळी सैल पडतात, दाब धाडकन कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. हृदय घाबरून धावायला लागतं, म्हणून ती धडधड.

"दिवसाचा माल एकाच टायमाला उतरवला म्हणा."

"हो."

शेठनी अडकित्ता टेबलावर ठेवला. "मग तिला पाडली ती मीच."

काकू म्हणाल्या, "अहो, असू द्या. माझ्यासाठी इतकं बघतंय कोण?" शेठ उठून गॅलरीत गेले.

त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी काकूंना तपासलं आणि तीच गोळी अख्खी घ्यायला सांगितली. शेठनी गाळ्यागाळ्यावर जाऊन सांगितलं, "बाईचा माल चोख हाये. मी तपासलाय." माझी माफी मागितली नाही, पण गिऱ्हाइकं परत आली. गोळीला मात्र ते शिवेनात. "या हाताचा भरवसा राहिला न्हाई," म्हणायचे. आणि काकूंना स्वतःच्या हाताने गोळी घ्यायची सवयच नव्हती. रोज विसरायच्या, दाब पुन्हा चढला. तेव्हा मी शेठना चांगलं फैलावर घेतलं. काकूंना दुकानात बोलावून माझ्यासमोर शेठनाच गोळी द्यायला लावली. एवढा मोठा व्यापारी, पण ती एवढीशी गोळी तिच्या हातावर ठेवताना घामाघूम झाला. काकूंनी गिळली. त्यांना काही झालं नाही हे बघायला शेठ तासभर माझ्या स्टुलावर बसून होते.

स्वतःचं बीपी त्यांनी कधी मोजू दिलं नाही. मशीनवर विश्वास नव्हता. गेल्या वर्षी गाळ्यावर बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला.

दिवसकार्य आटोपल्यावर काकू दुकानात आल्या. पट्टी घेतली, पण निघेनात. मग त्यांनी एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आपला तळवा पुढे केला. "तू दे."

मी गोळी दोन्ही बाजूंनी बघितली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"नीट बघितलीस ना गं?"

"बघितली, काकू."

मग त्यांनी ती गिळली.