एकाच कडीतल्या दोन चाव्या

शिंगणापूरच्या रस्त्यावर भिमाजीआबांची रसवंती आहे. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल आणि मागं छपराचं घर. उभा जन्म आबांनी बैल हाकला आणि साठीला टेकल्यावर, लोक हसले तरी, नगरच्या एका मास्तरांची नऊ वर्षं वापरलेली छोटी मोटार घेतली. घेताना टायरला लाथ मारून पाहिली, बोनेटला कान लावून पाहिला. मास्तर सरळ माणूस. म्हणाले, "इंजिनाचं मी सांगतो, काळजी नको. फक्त दारांचं लॉक कधी कधी आपोआप पडतं, तेवढं करून घ्या." आबा हसले. गावच्या रिवाजानं ज्याच्या घराच्या चौकटीला दारच नाही, तो लॉकला कशाला भिईल?

मास्तरांनी चाव्या दोन दिल्या. कुणीही शहाणा माणूस त्यातली एक घरी ठेवतो. आबांनी दोन्ही एकाच कडीत ओवल्या आणि ती कडी रात्रंदिवस गाडीलाच लटकत राहिली. चावी जपायची असते, हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

तीन महिने गाडीनं एकदाही दगा दिला नाही. "बैल मधीच बसतो, ही बसत न्हाई," असं ते रस प्यायला येईल त्याला ऐकवायचे.

एप्रिलातल्या एका भर दुपारी आबा साडेतीन वर्षांच्या नातीला, ज्ञानेश्वरीला, सोनईच्या दवाखान्यात दाखवून आले. पोर मागच्या सीटवर गाढ झोपली होती. उठवायचं जिवावर आलं, म्हणून एसी चालू ठेवून ते बैलाला पाणी दाखवायला उतरले. दार लावलं आणि आत खट्‌ झालं.

चारही दारं ओढून पाहिली, एकही उघडेना. सून वृषाली ग्लास विसळत होती, ती तशीच धावत आली.

"मामा, दुसरी चावी कुठं हाय?"

आबांनी काचेतून बोट दाखवलं. दोन्ही आतच लटकत होत्या.

शेजारच्या हारवाल्या कानिफनाथानं लगेच फोन लावला. "मिस्त्री निघालाय घोडेगावातनं, अर्ध्या तासात येतोय. काच फोडू नका आबा, पोरीच्या अंगावर उडंल. एसी चालू हाय, झोपू द्या तिला गार." बोलणं पटण्यासारखं होतं. खरं तर आबांना ते पटवून घ्यायचं होतं.

ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. इंजिन चालू आहे तोवर पोर सुखरूप, एवढंच त्यांना कळत होतं. बोनेट तापलं होतं, तरी हात काढवेना. आवाज जरा खालावला की ते बोनेटवर वाकून ऐकायचे.

दहा-बारा मिनिटांनी इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

आबा घाबरले. बोनेटवरचा हात तसाच ठेवून ते काचेतून पोरीकडं बघत राहिले. "येईलच आता मिस्त्री," कुणीतरी म्हणालं. मिस्त्री येत नव्हता. ऊन मात्र टपावर तापत होतं.

उकाड्यानं पोर जागी झाली. काचेला तळवे लावून उभी राहिली. वृषाली खुणा करत होती, दाराचा खटका वर ओढ म्हणून; पोरीला ते कळेना, ती आईकडं हात पसरत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज काही बाहेर येत नव्हता. चेहरा लालबुंद झाला, मग ती हळूहळू खाली बसली.

"मामा, फोडा," वृषाली म्हणाली.

आबांनी उसाचा कोयता उचलला. पहिला घाव निसटून दारावर बसला. दुसरा बसला, पण काच फुटली नाही. पोरीपासून लांबची, ड्रायव्हरच्या बाजूची काच तिसऱ्या घावाला खळकन खाली आली, आणि आतली वाफ आबांच्या तोंडावर आली. त्यांनी हात घालून खटका ओढला, मागचं दार उघडलं आणि घामानं निथळणारी पोर उचलून छपराखाली आणली. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. ती रडली, तेव्हा कुठं वृषालीनं फडकं खाली ठेवलं.

मिस्त्री नंतर आला. फुटकी काच बघून म्हणाला, "मग आधीच फोडायची ना."

संध्याकाळी ज्ञानेश्वरी आबांच्या मांडीवर बसली होती. त्यांच्या बोटाला बांधलेली चिंधी सोडत-बांधत ती म्हणाली,

"आबा, मी म्हनत हुते, दार उघडा. तुमी नुसतंच बघत हुता."