मयेकर काकांच्या गणपतीची गाडी

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. दिवा लागला नाही तर आधी वायर तपासायची, एवढंच मला कळतं. चकवा, देवचार असल्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी उठून जायचो. तरी आज इथे लिहितोय... कारण घरात सांगून मन हलकं झालं नाही.

आम्ही रत्नागिरीत नाचणे रोडला राहतो. चार वर्षांपूर्वी जुनी गाडी घ्यायचं ठरलं. शिरगावात मयेकर काकांची एक पांढरी गाडी विकायला होती – सतरा वर्षांची, आणि मीटरवर जेमतेम नऊ हजार! मी तोंडावरच विचारलं, "काका, मीटर मागे फिरवलाय की काय?"

"अहो, मागे फिरवायला आधी पुढे जायला नको?" काका हसले. "मी जन्मभर बोटीवर. गणपतीला घरी यायचो तेव्हा ही शेडबाहेर निघायची. कारखान्यातून मूर्ती आणायची, विसर्जनाला न्यायची. बाकी वर्षभर झाकलेली."

आता त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून विकत होते. अट एकच – "चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन या. मी आहे तोवर आमचा गणपती हिच्यातूनच येऊ दे."

"न येऊन कसं चालेल, काका?" मी म्हणालो. गाडी घरी आणली.

त्याच वर्षी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही देवरूखला माझ्या सासुरवाडीला निघालो होतो. सामान भरलेलं, बायको आणि लेक बसलेल्या. तेवढ्यात काकांचा फोन. शिरगावला जायचं म्हणजे अख्खी दुपार मोडणार... मी म्हणालो, "काका, गाडी गॅरेजला आहे हो. क्लच गेलाय."

पलीकडून काका म्हणाले, "असू दे, असू दे. रिक्षा बघतो."

"म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललात," बायको म्हणाली. मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो आणि लाजेखातर एकटाच काकांकडे दर्शनाला गेलो. दारातच त्यांनी माझे हात धरले.

"दुरुस्त करून पाठवलीतच शेवटी! काल रिक्षा सांगणार होतो, तेवढ्यात दारात हॉर्न!"

मला वाटलं, म्हाताऱ्याचा घोटाळा झालाय. पण त्यांची मुलगी सुनंदा – शाळेत शिक्षिका आहे – हसत म्हणाली, "दादा, तुमचा ड्रायव्हर मुका आहे का हो? चहाला थांब म्हटलं तर नुसती मान हलवली. आणि काल मागच्या काचेवर दिसलं ते मांजर कोणी चिकटवलंय? लेकीनं ना?"

ते स्टिकर लेकीनं देवरूखला निघायच्या आदल्या रात्री लावलं होतं. काल दुपारभर गाडी सासऱ्यांच्या अंगणात माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. किल्ली माझ्या खिशात. आणि ड्रायव्हर तर मी कधी ठेवलाच नव्हता.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं, काका."

आरती झाली. काका गाऱ्हाणं घालायला मूर्तीपुढे उभे राहिले – "बा गणराया, ह्या माणसानं दिलेला शब्द पाळला. ह्याच्या लेकराबाळांना सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळी खोली ओरडली. काकांचा चेहरा माझ्या बाजूला वळला. मग मीही म्हणालो... मोठ्यानं.

काका त्या शिमग्याआधीच गेले. दिवसकार्य झाल्यावर मी सुनंदाला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबांना सांगायचं होतंत. रागावले नसते हो. गणपती रिक्षातूनही आलाच असता."

तशी दुसरी गाडी आसपास कोणाकडे आहे का, ते मी शोधलं. नाही सापडली. त्या दिवशी कोण आलं, कसं आलं – मला आजही माहीत नाही. त्याची भीती वाटत नाही. पण कोणाच्याही घरी आरतीनंतर गाऱ्हाणं सुरू झालं, की सगळे "होय महाराजा" म्हणतात, आणि माझे नुसते ओठ हलतात.