बाबुलालचा पाचवा गेअर

सानगडीचा बाबुलाल एकेकाळचा नावाजलेला लाइनमन. भर वादळात तो खांबावर असा चढायचा की खाली उभ्या बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या. विजेला तो कधी भ्यायला नाही. भ्यायला तो एकाच गोष्टीला, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. साकोलीवरून जाणारा मोठा हायवे आणि त्यावरून धडधडत जाणारे ट्रक.

आता असा माणूस रिटायर झाल्यावर गाडी घेईल कशाला? पण घेतली. जुनी, पांढरी, डिझेलची. तिला तो नातवासारखं जपायचा. रोज फडक्यानं पुसायचा, आणि घरून बाजारचौकात, बाजारचौकातून घरी, दुसऱ्या गेअरवर फिरवून आणायचा. पुढे बैलबंडी असली तर हॉर्नही न वाजवता मुकाट तिच्या मागून चालायचा. आपल्याला पाचवा गेअर आहे हे त्या बिचाऱ्या गाडीला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

पंचाईत ही की पोरगी रीना दिली होती पार तिकडे, हायवेनंच जावं लागेल अशा सिहोऱ्याला. दिवाळी झाली की तिच्या गावची मंडई, म्हणजे जत्राच, भरायची, रात्री दंडारीचा खेळ रंगायचा, घरोघर पाहुणे. "बाबा यंदा गाडीनं येतील," असं रीना दरवर्षी सासरी सांगून ठेवायची आणि दरवर्षी ऐनवेळी गाडीला काहीतरी व्हायचं. कधी टायर, कधी बॅटरी. मग त्याची बायको धुरपता एकटी एसटीनं जायची, आणि हा शरमेनं घरीच गाडी पुसत बसायचा.

यंदा मात्र आक्रीत झालं. मंडई उद्यावर आली आणि गाडी खरोखरच खोकू लागली. काळा धूर सोडायची, चढावर जीव टाकायची. बाबुलालला मनातून गुदगुल्या झाल्या. चेहरा पाडून त्यानं ती रत्नमालाच्या गॅरेजात नेली. रत्नमाला म्हणजे त्याच्या जोडीच्या लाइनमनची, इश्वरची पोरगी.

"इंजिन गेलं असंन, नाई का बाई?" त्यानं मोठ्या आशेनं विचारलं. "नागपूरवरून सामान आणा लागंन. आठ-दहा दिवस तं कुठंच नाई गेले."

रत्नमालानं इंजिनाला हवा पुरवणारी नळकांडी खोलली आणि आत टॉर्च मारला. "काहीच नाई गेलं काकाजी. वॉल्ववर कार्बन बसला. पाहा न."

त्यानं वाकून पाहिलं. जिथून इंजिन श्वास घेतं तिथंच डांबरासारखा काळा थर चढला होता. हवेनं जायचं तरी कुठून.

"संध्याकाळच्या आत होते," रत्नमाला म्हणाली, आणि बाबुलालचं तोंड उतरलं. गाडी दुरुस्त होणार म्हणून खट्टू झालेलं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

तिनं त्याच्या हातात पाना दिला. इंजिन हळूहळू फिरवायचं, वॉल्व बंद झाला की थांबायचं, नाहीतर खरवडलेला कचरा आत पडायचा. मग ती औषध ओतून थर भिजवायची आणि बांबूच्या कामटीनं खरवडायची, कारण लोखंडानं वॉल्ववर चरे पडतात. निघालेला चिखल यंत्रानं ओढून घेतला की पुढचा वॉल्व. बाबुलाल मुद्दाम वेळ काढत होता. घडीत चहा, घडीत हात दुखून राहिला.

दुपारी धुरपता डबा घेऊन आली. गाडीत डोकावून म्हणाली, "अगं बाई, हे तं चुलीवरच्या भाताच्या गंजाचं बूड हाये." आणि पदर खोचून, एक कामटी उचलून तीही खरवडायला लागली. "काहून बसते वो एवढं?"

"जवळच्या जवळ अन् हळूहळू चालवली की बसते काकू. इंजिन नीट तापतच नाई, आपलाच धूर परत गिळते. आज साफ केलं तरी पुन्हा बसंन. हिले मोकळ्या रस्त्यावर पळवा लागते."

चोराच्या मनात चांदणं. बाबुलालनं पाना खाली ठेवला आणि तो एका जुन्या टायरवर बसला.

"मले भेव लागते," तो म्हणाला. "हायवेचं. त्या ट्रकांचं. गाडीले कधी काही झालंच नव्हतं, रीनाची आई. टायरातली हवा बी मीच सोडली होती."

रत्नमालानं घाईघाईनं बॉनेटमध्ये डोकं घातलं. हसू लपवायला तीच जागा होती. धुरपताचा हात मात्र थांबला नाही.

"मले माहीत नाई का? तुमी हवा सोडून राहिले होते तवा मी खिडकीतून पाहूनच राहिली होती."

"मंग बोलली काहून नाई?"

"खांबावर चढणाऱ्या माणसाले भित्रा कसं म्हणाव?"

ऊन कलायच्या आत गाडी जोडून झाली. चावी फिरवली, तर आवाज कसा गोड. रत्नमाला म्हणाली, "हायवेनं लाखनीपर्यंत न्या अन् वापस या. काकू, तुमी बाजूले बसा."

साकोलीनंतर पहिला ट्रक शेजारून गेला तेव्हा बाबुलालनं श्वास रोखला. दुसऱ्याला नुसते ओठ आवळले. तिसरा पुढे रखडत चालला होता, त्याला ह्याच गाडीनं मागं टाकलं. बाबुलाल चोरून आरशात पाहत राहिला, ट्रक खरंच मागं राहिला का ते. लाखनी आली आणि गेली.

"वापस फिराचं होतं न वो," धुरपता म्हणाली.

"जाऊ दे. रीनाले फोन लाव. म्हणा, दोघांचा भात जास्तीचा टाक." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "पण तुले पातळ नाई, काही नाई. मंडईत अशीच जाशीन?"

"पिशवी डिकीत हाये. डबा आणला तवाच ठेवली."

"आज आपण निघू, हे तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाई. मी दरवर्षीच ठेवते. तुमी नाई निघाले की काढून घेते अन् एसटीत बसते."

भरून आलेले डोळे बाबुलालनं बाहीला पुसले, क्लच दाबला आणि गाडी पाचव्यात टाकली.