दारापाशी संपलेला पिक्चर

एका डिपार्टमेंटमध्ये पंधरा वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे आपोआप साठतात. चाकणच्या आमच्या कंपनीत क्वालिटीवाल्यांचे निम्मे किस्से मात्र एकाच पिक्चरचे आहेत. आणि तो निवडला होता मी!

आमच्याकडे पद्धत आहे. कस्टमरचं ऑडिट पास झालं की सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा. कुठला, ते मी ठरवायचं. कंपनीत मला एवढाच काय तो मान, पण मला तो प्रमोशनपेक्षा प्यारा आहे.

यंदाचा थ्रिलर होता. नवरा बेपत्ता. बायकोने मारला की आपणहून गेला, शेवटपर्यंत कळत नाही. शेवटी बेल वाजते, बाई दाराकडे चालत जाते, कडीला हात लावते आणि पिक्चर संपतो.

लाइट लागले. मी भारावून बसलेलो. शेजारून जगतापभाऊ म्हणाले, "आता दुसरा इंटरव्हल व्हय?"

*

जगतापभाऊ मोशीचे जुने गाववाले, आमचे सीनियर इन्स्पेक्टर. पार्ट चांगला तर हिरवा टॅग, खराब तर लाल. शंका असली तर पिवळा लावून बाजूला ठेवायचा, असा नियम आहे. भाऊंनी पिवळा टॅग आयुष्यात लावलेला नाही.

"पार्ट एक तर हाय, न्हाई तर न्हाई. मधलं काय असतंय राव?"

*

काही बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधतो. दुसऱ्या दिवशी भाऊंनी बोर्डावर पिक्चरच घेतला. डोकं का दुखलं? शेवट नव्हता म्हणून. मग का बघितला? सगळे गेले म्हणून. असं करत पाचव्या 'का'ला उत्तर निघालं: माझं नाव!

खाली उपाय लिहिला, 'पुढचा पिक्चर यांनी निवडू नये.' विषय बंद होईपर्यंत बोर्ड पुसायचा नसतो. त्यामुळे चहाला येणारा प्रत्येक जण ते वाचून जायचा. मला खरंच वाईट वाटलं.

*

मी रोज बाजू मांडायचो. "अहो, सगळंच सांगितलं तर आपण थिएटरात डोकं कशाला नेलं?"

आमचे डिपार्टमेंटचे साहेब म्हणाले, "मी नेलं होतं. खुर्चीला टेकवलं, ते लाइट लागल्यावरच उचललं."

*

माझ्या बाजूने एकट्या सोनवणे मॅडम, संत तुकाराम नगरच्या, आमच्यातल्या सगळ्यात तरुण इंजिनिअर. त्यांनी घरी आईला स्टोरी सांगितली. आईने विचारलं, "बेल वाजल्यावर बाई पळत गेली का चालत?"

"चालत."

"मग नवराच असणार. दुसऱ्या कुणासाठी माणूस जरा तरी लगबग करतं!"

हे ऐकून भाऊ खवळले. "मग दाखवायचा ना त्याला! दार उघडाय किती येळ लागतो?"

*

पुरावे गोळा करायला रविवारी दुपारी मी एकटाच चिंचवडला पुन्हा त्याच पिक्चरला गेलो. थिएटर जवळजवळ रिकामं. दोन रांगा पुढे जगतापभाऊ आणि वहिनी! शेवटची बेल वाजली तसे भाऊ खुर्चीच्या कडेला सरकले आणि मान वाकडी करून दाराच्या फटीतून काही दिसतंय का बघू लागले.

बाहेर पडताना मी समोर आलो. भाऊ म्हणाले, "हिला बघायचा व्हता."

वहिनी म्हणाल्या, "व्हय भावजी. मागच्या रविवारी बी मलाच बघायचा व्हता!"

सोमवारी चहाला गेलो. बोर्ड पुसलेला नव्हता. पाचही 'का' जागच्या जागी होते. फक्त माझ्या नावावर एक पिवळा टॅग चिकटवलेला होता. खाली सही जगतापभाऊंची.