आधी कळवून येणारे साहेब

आमचे हे नगरपालिकेत अतिक्रमण निरीक्षक. ऐकायला भारी वाटतं. लग्न ठरलं तेव्हा मलाही वाटलं होतं, हा माणूस रस्त्यानं निघाला की दुकानदार चळाचळा कापत असतील. कसलं काय! दुकानदार यांना चहा पाजायचे, तोही साखर कमी घालून, कारण साहेबांना गोड चालत नाही हे सगळ्या बाजाराला पाठ. आता तुमच्या मनात आलंच असेल, म्हणून सांगून टाकते. या माणसानं कुणाच्या फुटक्या कवडीला हात लावला नाही. चहाचे पैसेसुद्धा जबरदस्तीनं देऊन यायचे. यांचा दोष निराळाच होता. हे आधी कळवून जायचे.

तसा नियमच होता म्हणा. नगरपालिकेची एक सार्वजनिक सुरक्षा समिती आहे. शहरात नियम पाळले जातात की नाही हे निरीक्षकांनी बघायचं, आणि निरीक्षक बघतात की नाही हे समितीनं बघायचं. समितीनं कधीतरी ठराव केला, की अचानक गेलं की भांडणं होतात, तेव्हा नागरिकांचा मान राखून पाहणीची पूर्वसूचना द्यावी. बाकीचे निरीक्षक मनात आलं तर सूचना द्यायचे, नाही तर नाही. यांनी मात्र ठराव अगदी मनावर घेतला. आदल्या दिवशी ऑफिसातून आले की फोन घेऊन खिडकीत बसायचे. "नमस्कार, उद्या सकाळी येतोय हं पाहणीला. नाही नाही, घाई नाही. तुमचं आवरून झालं की येतो."

पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसा अख्खा बाजार फूटपाथ आवरायचा. फळ्या आत, पाट्या आत, शेगडी आत, स्टुलं आत. हे जाऊन टेप लावायचे, फूटपाथची रुंदी पुरेपूर भरायची. "नियमभंग आढळला नाही" असा शेरा मारून हे कोपऱ्यावर वळले, की फळ्या पुन्हा बाहेर. लोकांनी यांचं नाव पूर्वसूचना साहेब ठेवलं होतं, आणि यांना ते कौतुक वाटायचं.

मी म्हणायचे, "अहो, एकदा तरी मागे वळून बघा."

"संशय घेऊन समाज चालत नाही," हे म्हणायचे. आता घ्या!

बाजाराचं जाऊ द्या. फूटपाथ अडला तर माणूस रस्त्यावरून जातो. माझा जीव अडकला होता तो आमच्याच इमारतीच्या जिन्यात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर गाद्यांचं दुकान. दुकान एवढंसं आणि गाद्या ढीगभर, म्हणून गादीवाल्यानं जिना हेच गोदाम करून टाकलेलं. प्रत्येक वळणावर गुंडाळलेल्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट, तीही बारीक माणसाला. लिफ्ट नाही, दुसरा जिना नाही. आणि वर सासूबाई. ब्लडप्रेशरनं बेजार. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "जीभ जड झाली, हात लुळा वाटला, तर एक मिनिट घालवू नका, लगेच घेऊन या." घेऊन या म्हणणं सोपं आहे हो. त्या बाईंना त्या जिन्यातून खाली आणायचं कसं, हे कोण सांगणार?

गादीवाल्याशी मी भांडले. तो हसून म्हणाला, "वहिनी, उलट सेफ्टीच आहे की. कुणी पाय घसरून पडलं तर गादीवरच पडणार." मग मी यांच्याकडे वळले.

"तक्रार आल्याशिवाय मला काही करता येत नाही," हे म्हणाले.

"मी करते तक्रार."

"तू केलीस तर पाहणीला मीच येणार. घरच्या तक्रारीवर मी कारवाई केली तर लोक काय म्हणतील? आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय माझ्या वॉर्डात आजवर एक नियमभंग नाही."

"नियमभंगावर उशी टेकून झोपता तुम्ही," मी म्हणाले. हे दुखावले. पण दुसऱ्या दिवशी गादीवाल्याला फोन केला, गाद्या दिवसभर गायब झाल्या, हे समाधानानं जिन्याची रुंदी मोजून आले. संध्याकाळी मी दळण घेऊन वर चढले ती गाद्यांतूनच.

अशात समितीनं जाहीर केलं, की सर्वात सुरक्षित वॉर्डाला फिरती ढाल मिळणार. सुरक्षित कुठला हे ठरवायचं कसं? तर नियमभंग कमीत कमी कुठे सापडले ते बघून. ज्यानं डोळे उघडून काम केलं त्याचा वॉर्ड धोकादायक, आणि ज्याला काही दिसलंच नाही त्याचा वॉर्ड आदर्श. ढाल अर्थातच आमच्या घरी आली. समितीच्या अध्यक्षबाई स्वतः वॉर्ड बघायला आल्या, रीतसर कळवून. आमचा जिना त्या दिवशी असा चकचकीत होता, की बाई म्हणाल्या, "निरीक्षक स्वतः राहतात तिथे असं असणारच." सासूबाईंना खुर्चीवर बसवून, मांडीवर ढाल ठेवून फोटो काढला. आईंचा आनंद पोटात मावेना. येईल त्याला म्हणायच्या, "माझ्या मुलाच्या वॉर्डात काडी इकडची तिकडे नाही." मी मूग गिळून चहा करत राहिले. म्हाताऱ्या बाईचा आनंद कशाला हिरावून घ्या.

आणि एका दुपारी जेवता जेवता त्यांच्या हातातून भांडं पडलं. मी "आई" म्हणून हाक मारली तर त्यांच्या तोंडातून शब्दच नीट येईना. हे नशिबानं घरीच होते. ॲम्ब्युलन्स पटकन आली, तिचं कौतुकच. स्ट्रेचर घेऊन दोघं जण जिना चढायला लागले आणि पहिल्याच वळणावर अडकले. स्ट्रेचर आडवं जाईना, उभं जाईना. शेवटी ते खालीच टाकून ते मोकळ्या हातांनी वर आले, आईंना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या खाली खुर्चीही जाईना. मी माझ्या नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा अतिक्रमण हटवताना बघितलं. शर्ट फाटेपर्यंत गाद्या उचलून फेकत होते, एक फेकली की वरची अंगावर यायची. आणि आई खुर्चीत, मान एका बाजूला कललेली, मधल्या पायरीवर वाट बघत.

गादीवाला धावत आला. माणूस वाईट नाही, उगाच कशाला बोलू, त्यानंही गाद्या उपसल्या. घाम पुसत पुसत म्हणाला, "साहेब, एक फोन करायचा होता. तासाभरात जिना मोकळा करून ठेवला असता."

अगदी मनापासून म्हणाला तो. यांनी पुढची गादी उचलली.

आई वाचल्या. पण उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." आधी म्हणजे किती, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे हॉस्पिटलातून थेट ड्युटीवर गेले. फोन केला नाही. जिन्यात उभं राहून पंचनामा केला, गादीवाल्याच्या हातात नोटीस ठेवली. तसेच बाजारात गेले आणि तिथेही दिसेल त्या फळीवर नोटीस लावत सुटले. बाजार हबकला. गादीवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "न कळवता? तुम्ही, साहेब?" एवढंच म्हणत होता.

मग सगळे मिळून समितीकडे गेले. समितीनं यांना बोलावलं. यांनी मला सांगितलं ते असं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पाहणीआधी पूर्वसूचना दिली होती?"

"नाही."

"मग ती पाहणी कशी म्हणायची? ठरावाचं उल्लंघन झालंय."

"मॅडम, माझी आई त्या जिन्यात अडकली होती."

"त्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण त्या जिन्यात काही अडथळा आहे असं तुमच्या एकाही अहवालात नाही."

प्रत्येक अहवालावर सही यांचीच होती. नोटिसा रद्द झाल्या, ढाल दुसऱ्या वॉर्डात गेली, आणि यांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. मी म्हटलं बरं झालं, तिथे तरी कुणी आधी कळवून येत नाही. हे हसले नाहीत. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं. मला या माणसाचा संताप येत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अभिमानही वाटत होता, आणि दोन्हीचा आता काही उपयोग नव्हता.

आईंना घरी सोडायचा दिवस ठरला. आणायचं खुर्चीतूनच, त्याच जिन्यानं. गाद्या परत वळणावळणावर आल्या होत्या, आता तर समितीनंच नोटीस रद्द केलेली, म्हणजे ऐटीत. हॉस्पिटलच्या बाकावर हे बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते.

"मी बोलू का?" मी विचारलं.

त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि नंबर लावला. "नमस्कार. उद्या सकाळी आईला आणतोय. नाही, पाहणी नाही. आता माझ्याकडे नाही ते. आईला आणतोय." मग जरा थांबून म्हणाले, "मेहरबानी होईल." वॉर्डात ताठ मानेनं हिंडलेला माझा नवरा गादीवाल्याला मेहरबानी म्हणाला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी जिना रिकामा होता. नुसता रिकामा नाही, धुऊन काढलेला. गादीवाल्यानं आपली दोन माणसं खुर्ची उचलायला दिली. हे मागून खुर्चीची पाठ धरून चढत होते. बदलीचं आईंना आम्ही सांगितलंच नव्हतं. त्या प्रत्येक वळणावर इकडेतिकडे बघत होत्या. दुसऱ्या मजल्यावर माणसं दम घ्यायला थांबली, तेव्हा आईंनी डावा हात मागे नेऊन यांच्या हातावर ठेवला आणि वाकड्या तोंडानं एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "बघ... तुझ्या वॉर्डात... कसं... मोकळं."

"हो, आई," हे म्हणाले.

वर आणून त्यांना पलंगावर निजवलं, पाणी पाजलं. त्यांचा डोळा लागत होता. तेवढ्यात खालून गाद्या टाकल्याचे धपधप आवाज यायला लागले. यांनी उठून दार लावून घेतलं, आईंना ऐकू जाऊ नये म्हणून.