सुपारी फुटायच्या आत

हे मी कुणाजवळच बोलले नाही. आईजवळ नाही, देवापुढंही नाही — तिथं हात जोडून मी दुसरंच काहीतरी मागते आणि निघून येते. आता सांगायला बसले आहे, तर अडखळेन मधूनमधून.

सुमन आणि मी, दोघी बोरीच्या. परभणीला कॉलेजही एक, खोलीही एक. ती बोलायची आणि मी मोबाइल बघत 'हूं' म्हणायची. समोर ती जेवायला बसलेली, आणि मी रील बघून एकटीच हसायलेय! एकदा म्हणाली, "माझ्यापेक्षा लय गोड बोलतंय का गं ते?" त्यालाही मी 'हूं'च म्हणले. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावी वाटते.

तिचे वडील, आबा, मेंढरं राखतात. आमच्याकडं पोरगी स्वतःच्या लग्नाचं बापाशी बोलत नाही, दुसऱ्या कुणाकडून कानावर घालावं लागतं. आणि आबा माझं ऐकायचे. पोरगी शहाणी हाय म्हणायचे. शहाणी — मी!

एका संध्याकाळी सुमन माझ्या कॉटवर येऊन बसली. "घरी सोयरीक बघायलेत. तू आबाला फोन कर, मला पदवी पुरी करू द्या म्हणावं. सुपारी फुटायच्या आत सांगावं लागतंय. सांगशील ना?" हे शब्द मला कसे माहीत? तिनंच नंतर रडत ऐकवले म्हणून. त्या वेळी मी कुणाच्या तरी पोस्टखालचं भांडण वाचत होते. कोण होते ते लोक? आज एकाचंही नाव आठवत नाही. मी 'हूं, सांगते' म्हणले, आणि ती बिचारी निर्धास्त झाली.

मी फोन केलाच नाही. तिकडं सुपारी फुटली, लग्न पक्कं झालं. तिनं रडत त्या संध्याकाळचं सगळं पुन्हा ऐकवलं आणि विचारलं, "तू बोललीस ना आबाला?"

विसरले — एवढंच म्हणायचं होतं. माझं लक्षच नव्हतं, म्हणायचं होतं. तिनं शिव्या घातल्या असत्या, घालू द्यायच्या होत्या. कदाचित तेव्हाही आबांनी काही केलं असतं. पण मी म्हणले, "बोलले की. ऐकायलाच तयार न्हाईत."

कॉलेज सोडून ती पालमला नांदायला गेली. तेव्हापासून बापाशी बोलत नाही. सणाला माहेरी येते, आबा दारात दिसले की आत निघून जाते.

परवा आबा बसस्टँडवर भेटले. "सुमी माझ्यावर का रुसली, तुला काही म्हणली का? तिला शिकायचं होतं म्हणं. कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर सुपारी फोडलीच नसती की मी."

मी काय म्हणले? "मला न्हाई काही म्हणली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू तरी पुरं शीक, माय."

मी वाकून त्यांच्या पाया पडले.