बाईंना सांगायचा वास

दालनाच्या बाईंना वास येत नसे. मोगरा नाकाशी धरा नाहीतर शेणखत, त्यांना दोन्ही सारखेच. आणि तरी दर चैत्रात फुलांचा मेळा भरवायच्या त्याच. मुंबईत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जत-कडाव रस्त्यावरची एक बंद पडलेली भाताची गिरणी भाड्याने घेतली आणि तिचं कलादालन केलं. सत्तर-पंचाहत्तर सालचा तो काळ. भिंतींवर चित्रं, खाली फुलांच्या मांडण्या आणि मधल्या सतरंजीवर कविता वाचणारे आम्ही हौशी लोक.

कविता वाचण्याआधी एक फूल हुंगून त्याचा वास बाईंना सांगायचा, अशी तिथली रीत. ‘छान’ म्हटलेलं चालत नसे. “छान तर माझी साडीही आहे!” म्हणायच्या. मी तेव्हा कडावच्या शाळेत शिकवत होते. सुरंगीचा वास लग्न लागून गेल्यावर मांडवात उरतो तसा, असं मी सांगितलं, तर बाईंनी डोळे मिटून विचारलं, “मग त्या मांडवात अजून कोण बसलंय गं?”

थापा मात्र खपत नसत. मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या एका कवींनी पळसाचा वास ‘मंद, मधाळ’ असल्याचं ठोकून दिलं. बाई म्हणाल्या, “पळसाला वास नसतो हो, एवढं मी विचारून ठेवलंय. कविताही अशीच आहे का?” कवी हसले खरे, पण कविता त्यांनी निम्मीच वाचली.

एका वर्षी ठाकूरवाडीच्या हिराबाईंनी टोपल्या भरभरून मोहाची फुलं आणली. ते पिवळसर मणी बाईंना इतके आवडले, की त्यांनी दालनभर पसरले आणि रात्री दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सकाळी दार उघडताच हिराबाई मागे सरकल्या. “आगं बाय, मोह कोंडून ठेवलास? रस्त्यापातूर वास सुटलाय, नि तुला कायच नाय?” तोवर शेळ्या आत शिरून अर्धी मांडणी खाऊन मोकळ्या झाल्या होत्या. आम्ही शेळ्या हाकलत होतो आणि बाई हिराबाईंचा हात धरून विचारत होत्या, “पण कसा आहे गं?”

हिराबाई म्हणाल्या, “भुकेच्या दिसांत चूल पेटल्यावानी.”

त्या दिवशी आवराआवर करताना मी विचारलंच, की बाई, हा ध्यास कशासाठी? हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, “लेक पोटात होती तेव्हा मोठा ताप आला. त्यात वास गेला तो गेलाच. सगळ्या म्हणायच्या, बाळाची टाळू हुंग, जिवाला बरं वाटतं. मी हुंगायचे आणि काहीच यायचं नाही. लेक मोठी होऊन परगावी गेली. फुलांवर तुमचा हात बसवून घेतेय. कधीतरी कुणीतरी तो टाळूचा वास मला नीट सांगेल.”

पुढच्या चैत्रात मी माझी तान्ही लेक घेऊन मेळ्याला गेले. बाईंनी फूल दिलंच नाही. म्हणाल्या, “हिचा सांग.”

मी टाळू हुंगली आणि सांगू लागले. ऊन दुधाचा, नव्या तांदळाच्या पेजेचा...

“हे दूध झालं, पेज झाली. बाळ कुठाय?”

मी पुन्हा हुंगलं. शब्द फुटेना. सतरंजीवरची माणसं ताटकळली होती. बाईंनी लेकीला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवून बराच वेळ तशाच बसल्या.

“पहिल्यांदाच गप्प बसलीस,” त्या म्हणाल्या. “मोठा असणार वास.” हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बाई गेल्या. माझा त्यांच्यावर फार जीव होता, आणि त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मला देता आली नाही. आता मला नात झाली आहे. न्हाऊ घातल्यावर मी तिच्या टाळूवर नाक ठेवते आणि मनातल्या मनात बाईंना सांगू लागते. अजून दुधाच्या पुढे जाता येत नाही.